हात बसलाय

मास्तरांनी माझं कौतुक केलं, आणि त्या कौतुकानेच माझा घात केला.

वेल्डिंगच्या वर्गात मी एकटी मुलगी. अंगाने वाळकी म्हणून पोरं मला 'काडी' म्हणायची. वेल्डिंगच्या रॉडलाही आम्ही काडीच म्हणतो. "मास्तर, काडी संपली!" असं कुणी ओरडलं की मी मागून म्हणायचे, "अजून जिवंत आहे."

आमच्या संस्थेने परदेशातल्या एका प्रशिक्षण शाळेशी करार केला होता. त्यांची माणसं येणार, आमच्यातल्या एकाला निवडणार, आणि तो वर्षभर त्यांच्या कारखान्यात शिकणार. ती जागा मला हवी होती. आई दिवसभर लॉन्ड्रीत उभी राहून इस्त्री करते आणि पाय उशीवर टाकून झोपते. तिला चारचौघींसारखं खुर्चीत बसवायचं तर मला दुसरी वाट नव्हती. गेट आणि खिडक्यांचे गज जोडून कुणाच्या आईचे पाय दुखायचे थांबलेत?

पाहुणे आले आणि नेमकी वीज गेली. प्रात्यक्षिक कसलं, पंखासुद्धा फिरेना. मग त्यांच्या मोठ्या बाई एकेका पोरासमोर थांबून मास्तरांना विचारू लागल्या. सोबत त्यांच्याच देशातली दुभाषी होती. आमची भाषा पुस्तकातून शिकलेली. आल्या आल्या तिने सगळ्यांना "कृपया आसनस्थ व्हावे" म्हटलं, तेव्हा अर्धा वर्ग उभाच राहिला.

माझी पाळी आली.

"हिचा हात बसलाय," मास्तर छाती फुगवून म्हणाले.

दुभाषी थबकली. "केव्हा बसला?"

"झाले की सहा महिने."

"अरेरे. कशामुळे?"

"कशामुळे काय! रोज घासून. मी सोडतोय होय?"

"उपाय नाही का?"

"उपाय कशाला? एकदा बसला की जन्मभर बसला!"

मास्तरांना तिचं 'अरेरे' हे 'अरे वा'च वाटलं. मलाही. मोठ्या बाईंनी माझ्या हातमोज्याला दोन बोटं लावली. त्यांचे डोळे भरून आले होते. मला वाटलं, मिळाली जागा. घरी जाऊन आईला सांगूनही मोकळी झाले.

पुढच्या आठवड्यात प्राचार्यांनी केबिनमध्ये बोलावलं. मास्तर तिथेच बसले होते. प्राचार्यांचा चेहरा असा फुललेला, की मी आधीच हसायला लागले.

"तुझी निवड झालेली नाही," ते म्हणाले. "त्यांची समजूत झालीय की आपल्या जुन्या मशिनींमुळे तुझा हात निकामी झाला."

मला आणखीच हसू फुटलं. "मग सांगा ना त्यांना!"

कुणीच हसलं नाही.

"म्हणूनच ते नवी शेड देतायत. नव्या मशिनी, मास्क, सगळं. तुझ्यासारखी वेळ दुसऱ्या कुणावर येऊ नये म्हणून. आता देणगीच्या कार्यक्रमाला ते परत येतील, तेव्हा पुढे बसायचं, हात मांडीवर ठेवायचा, हलवायचा नाही. एवढंच. काय अवघड आहे त्यात?"

मी मास्तरांकडे पाहिलं. या माणसाने माझं कोपर फूटपट्टीने सरळ केलं होतं. वेल्डिंगच्या उजेडाने डोळे सुजले तेव्हा स्वतःच्या रुमालाची ओली घडी ठेवली होती. ते कपातल्या चहाकडे बघत होते.

"पुढच्या पोरांचं कल्याण होईल गं," ते म्हणाले. "तुला मी कुठेतरी चिकटवून देतो."

शिवी तोंडापर्यंत आली, ती गिळून मी केबिनबाहेर पडले.

घरी आई म्हणाली, "धडधाकट हाताला लुळा म्हणायचं? जीभ झडेल त्यांची." मग इस्त्रीचे कपडे बाजूला सारत हळूच म्हणाली, "पण मास्तर म्हणतायत तर काही विचार करूनच ना?"

मी कार्यक्रमाला गेले. पुढे बसले. प्राचार्य माझ्याकडे हात करून म्हणाले, "या मुलीचं बलिदान वाया जाणार नाही," आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या जिवंत हातासाठी टाळ्या! मागून एक पोरगा कुजबुजला, "काडी, हात झोपलाय का? पांघरूण घालू?"

मोठ्या बाई मंचावरून खाली उतरून आल्या आणि त्यांनी माझा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. आजाऱ्याचं कपाळ चोळावं तसा चोळू लागल्या. ती माया खरी होती, आणि तीच मला सोसवेना.

मी हात दाबला. पूर्ण जोर लावून.

बाई किंचाळल्या. कळ सगळ्या भाषांत सारखीच निघते.

दुभाषी धावत आली. "पण हात तर बसला होता ना? आवाज बसला म्हणजे गेला. धंदा बसला म्हणजे बुडाला. भिंत बसली म्हणजे पडली. मग हात?"

"हात बसला म्हणजे तयार झाला, बाई," मी म्हणाले. "आमच्यात हातच तेवढा बसल्यावर कामाला लागतो."

ती पांढरीफटक पडली. तिने मोठ्या बाईंना सगळं सांगितलं. बाई बोटं चोळत काहीतरी बोलल्या.

"त्या म्हणतात, ती जागा अजून रिकामी आहे," दुभाषी म्हणाली. "शिकवणाऱ्या गुरुजींनी आत्ता सांगावं, हिचा हात कसा आहे. त्यांच्या शब्दावर आम्ही हिला नेऊ. मशिनींचा विचार मात्र पुन्हा करावा लागेल."

मी मास्तरांकडे वळले. खरं सांगते, मला धाकधूक अशी नव्हतीच. माझेच मास्तर होते.

प्राचार्य खाकरले. मास्तर उठले.

"मुठीत जोर आहे," ते म्हणाले. "पण काडी धरली की हात थरथरतो. कामाचा नाही राहिला."

या वेळी दुभाषीला शब्द न् शब्द कळला होता, चेहऱ्यावरून दिसत होतं. तरी ती म्हणाली, "क्षमा करा, मला नीट समजलं नाही. पुन्हा सांगता का?"

तिने त्यांच्यासाठी दार उघडून धरलं होतं. मास्तरांनी ते पाहिलं. मग त्यांनी तेच वाक्य पुन्हा म्हटलं, एकेक शब्द सुटा करून, परक्या माणसाला समजावा तसा.

सगळ्यांनी माझ्या हाताकडे पाहिलं. मीही पाहिलं.

तो थरथरत होता.