एकशे सत्याऐंशी कंपन्यांचा पत्ता

खोलीत एकशे सत्याऐंशी टपालपेट्या होत्या, एक टेबल, दोन खुर्च्या, एक खिडकी आणि शाई सुकलेले तीन शिक्के. प्रत्येक पेटीवर एका कंपनीचं नाव. कंपन्या कागदोपत्री इथल्या, मालक समुद्रापलीकडचे. मामा त्यांना पत्ता भाड्याने द्यायचा. माणसं मोजली तर दोनच, मामा आणि मी.

रसायनशास्त्राची पदवी घेऊन मी इथे लागले, कारण आई आणि मी मामाच्याच फ्लॅटमध्ये राहत होतो. स्वतःचं नाव कुठल्याही कागदावर येऊ द्यायचं नाही, हा मामाचा नियम. त्यामुळे पहिल्याच दिवशी मला सह्या करायला बसवलं आणि संध्याकाळपर्यंत मी सगळ्या कंपन्यांची एकमेव संचालक झाले.

कॉलेजात असल्यापासून मी कविता करायचे. एका मासिकाच्या संपादकबाईंनी नऊच्या नऊ परत पाठवल्या होत्या. सोबत एक ओळ होती: "यात तुम्ही स्वतः पाहिलेलं काय आहे?" तो राग मला आठ महिने पुरला.

मग नवा कायदा आला. प्रत्येक कंपनीने सरकारला एक पान भरून द्यायचं: खरा मालक कोण, काम काय चालतं, खाली संचालकाची सही.

"तू कवयित्री ना," मामा म्हणाला. "दे खरडून. सल्लागार सेवा, आंतरराष्ट्रीय व्यापार. शब्दच तर हवेत."

मी मालकांची नावं विचारणारी पत्रं धाडली आणि पेट्या उघडायला घेतल्या. अकरा दिवस लागले. चौदाव्या पानावर मी लिहिलं: "मालक: माहीत नाही. विचारलं, उत्तर आलं नाही. काम: यंदा चार पाकिटं आली. कुणी नेली नाहीत. पेटीत एक मेलेला कोळी आहे." पुढे पुढे पानं आणखी आखूड होत गेली. त्यातली सहा, कंपन्यांची नावं काढून, मी संपादकबाईंना पाठवली. चार त्यांनी ठेवून घेतली.

मुदतीच्या दिवशी सकाळी मामाने गठ्ठा चाळला.

"हे काय आहे?"

"पाहिलं ते."

"कोळी बरा दिसला तुला. डोक्यावरचं छप्पर कुणाचं आहे ते नाही दिसलं?"

"दिसलं."

"परत लिही सगळं. मी यावर सही करणार नाही."

"तुझी सही लागतच नाही, मामा. तुझं नाव आहेच कुठे?"

त्याने एक पान उलटून पाहिलं. मागे कोरंच होतं.

"माझ्या ताटात जेवून त्यातच माती कालवतेस. आईला काय तोंड दाखवणार आहेस?"

"तिला काल सगळी वाचून दाखवली."

"मग? काय म्हणाली?"

"'बहुधा' हा शब्द सगळीकडून काढ म्हणाली."

मामाने टेबलाच्या खणातून माझ्या ऑफिसच्या किल्ल्या काढून खिशात टाकल्या. "महिनाअखेर फ्लॅट रिकामा हवा. दोघींचं सामान उचलायचं."

"लिहून दे."

त्याने लिहून दिलं नाही. मी गठ्ठा पाकिटात भरला, चिकटवला आणि जिना उतरले.

टपाल कार्यालयातल्या बाईंनी पाकीट काट्यावर ठेवलं. नऊशे बासष्ट ग्रॅम भरलं.