शाब्बास, बादल!

माझा फोन बटणांचा आहे. त्यावर फोन येतो, फोन जातो, आणि तो जमिनीवर आपटला तर उचलून परत पर्समध्ये टाकता येतो. बस. यावरून मला रोज कोणीतरी टोमणा मारतं. शेजारच्या काकू तर हमखास. "काहून वं अनघा, तू तर कम्प्युटरवाली ना?" अहो, कम्प्युटरवाली आहे म्हणूनच! पुण्यात माझी उमेदीची वर्षं प्रोग्राम लिहिण्यात गेली, आता यवतमाळला घरी बसून तेच करते. ज्या खानावळीचं स्वयंपाकघर मी आतून पाहिलंय, तिथे मी जेवायला बसत नाही, एवढीच गोष्ट आहे.

पण लोकांना फुकट काही मिळालं की ते हरखतात. फुकट फोन, फुकट ॲप. त्या बदल्यात तुम्ही कुठे जाता, कोणाशी बोलता, काय विकत घेता, सगळं तिकडे जमा. मी सांगायला गेले की म्हणतात, "आमच्याजवळ लपवण्यासारखं हाय काय?" मी म्हणते, मग संडासाला दार कायले लावता? यावर लोक हसतात आणि ॲप घेतात. माझं डोकं फिरतं.

तर ते बोंडअळीचं साल. २०१७. त्या वर्षी कपाशी माणसाच्या डोक्याच्या वर गेली होती, आणि फवारा वर मारला की वाऱ्यानं उलटून तोंडावरच यायचा. आमच्या मोठ्या दवाखान्यात विषबाधा झालेल्या फवारणीवाल्यांनी वॉर्ड भरून गेला होता. पेपर उघडावासा वाटत नव्हता. अशात एका सकाळी उज्ज्वलाचा फोन आला.

उज्ज्वला माझी शाळेतली मैत्रीण. महागावकडच्या बंजारा तांड्यातली, इथे मुलींच्या वसतिगृहात राहून शिकली. बीजगणितात माझ्या पुढे असायची आणि मला त्याचा फार राग यायचा. तिचा नवरा बादल त्या वॉर्डात पडलेला होता, दोन्ही डोळ्यांवर पट्ट्या.

"अनघा, येतं का वं लवकर?" ती म्हणाली. "औषधाच्या कंपनीचा साहेब आला हाय. बादलचा अंगठा मागून राह्यला."

"कशावर?"

"म्हणते, बादलनं रोज फवारा मारला. त्याच्या मशीनमंदी लिहून आलं म्हणते. तू येऊन पाह्य बाप्पा, मले काही सुचत नाही."

मी चपला घातल्या आणि निघाले.

वॉर्डात खाटेशेजारी स्टुलावर टॅबलेट घेऊन बसलेला साहेब पाहिला आणि माझ्या तोंडून "अरे देवा" निघालं. तो मंदार होता. कॉलेजात आम्ही एका बाकावर बसायचो. याच कंपनीच्या ॲपसाठी त्यानं मला नोकरीला बोलावलं होतं, आणि मी तोंडावर नाही म्हटलं होतं. तेव्हापासून तो मला जुनाट म्हणतो.

ते ॲप म्हणजे 'कपाशी-सोबती'. कंपनी औषध विकायची, आणि प्रत्येक तांड्यात, गावात एकेका 'आदर्श शेतकऱ्या'ला फोन फुकट द्यायची. फवारणी केली की त्यातलं हिरवं बटण दाबायचं. दाबलं की फोनमधून बाईच्या गोड आवाजात नाव घेऊन कौतुक व्हायचं. बादलच्या तांड्यात तो फोन बादलला मिळाला होता.

"अनघा, बरं झालं आलीस," मंदार म्हणाला. "तूच समजाव यांना. आमच्या सूचनेत पंधरा दिवसांचं अंतर सांगितलेलं. यानं रोज फवारणी केलीय. रोज! माणूस आजारी पडणार नाही तर काय होणार? हे बघ, एकेक नोंद आहे. आणि हे लाईव्ह आहे, नंतर कोणी बसून भरलेलं नाही."

कागदावर लिहिलं होतं की मी सूचना पाळल्या नाहीत, झालं त्यात कंपनीचा काही दोष नाही. खाली अंगठ्यासाठी चौकट.

"बादलभाऊ," मी विचारलं, "किती डाव मारला फवारा?"

"तीन डाव, बाई. लइ झाले तर चार." पट्टीखालून त्याचे ओठ कोरडे पडले होते. "पण साहेब म्हणते मशीन खोटं बोलत नाही. मलेच आता शंका येऊन राह्यली. दवा डोक्यात चढली असन काय? मी रोजच जात होतो अन मले याद नाही, असं तं नसन?"

हे ऐकलं आणि माझ्या अंगाची लाही लाही झाली. डोळे तर गेलेच होते तात्पुरते, देव जाणे किती दिवस. आता याची आठवणही काढून घ्यायला बसला हा लेकाचा! स्वतःच्या वावरात आपण काय केलं, ते शेतकऱ्यानं टॅबलेटला विचारायचं?

"आन तो कागद," बादल उज्ज्वलाला म्हणाला. "अंगठा लावून टाकतो. चुकलं असन माह्यं."

"हात आवरा, बादलभाऊ!" मी ओरडले. शेजारच्या खाटेवरचा म्हाताराही उठून बसला. "मंदार, तुझ्या मशीनला काय कळतं ते मी सांगते. बटण दाबलं गेलं, एवढंच. बोट कोणाचं होतं, ते कळतं का?"

"लोकेशन आहे ना."

"दाखव."

त्यानं दाखवलं. नकाशावर सगळे ठिपके एकाच जागी, तांड्यात, बादलच्या घरात. वावरात एकही नाही.

"लोक घरी येऊन दाबतात," मंदार म्हणाला. "त्यात काय? फोन त्याचा, नाव त्याचं, घर त्याचं. अनघा, तुझा विरोध मला पाठ आहे. तुला डेटा म्हटलं की चोरीच दिसते. पण हा डेटा आहे म्हणून निदान खरं काय ते समजलं."

"तुम्ही त्याच्या घराचा ठावठिकाणा घेतला, त्याच्या फोनमधले सगळे नंबर घेतले, त्याचं बोलणं ऐकायची परवानगी घेतली, इंग्रजीत लिहून. एवढं घेऊन तुम्हाला त्याच्याबद्दल कळलं काय? घंटा! आणि जे कळलं ते त्याच्याच अंगावर घालायला आणलंस इथे, तो आंधळा होऊन पडलाय तेव्हा. लाज वाटत नाही?"

"आवाज खाली, अनघा. दवाखाना आहे."

"मी खाली करणार नाही."

उज्ज्वलानं बादलचा उजवा हात आपल्या दोन्ही हातांत दाबून धरला होता. मंदारनं शाईचा पॅड उघडला, काही बोलायला तोंड उघडलं, आणि त्याच्या मांडीवर बादलचं खातं उघडून ठेवलेला टॅबलेट वाजला. मग तीच गोड बाई अख्ख्या वॉर्डाला ऐकू जाईल अशी बोलली.

"शाब्बास, बादल! आजची फवारणी पूर्ण झाली."

बादलनं पट्टीतला चेहरा आवाजाकडे वळवला.

"मी तं इथं हाय," तो म्हणाला.

शेजारचा म्हातारा आधी हसला. मग पलीकडचा. मग डोळ्यांवर पट्ट्या बांधलेले, सलाईन लावलेले, सगळे हसायला लागले. मी मंदारच्या हातातून टॅबलेट घेतला आणि नोंदी मागे मागे सरकवत गेले. बादल दवाखान्यात भरती झाल्यापासून एक दिवस खंड नव्हता. रोज सकाळी बादल फवारत होता!

"लाईव्ह आहे म्हणालास ना?" मी विचारलं. मंदार पॅड बंद करत होता.

उज्ज्वलानं तिथूनच घरी असलेल्या त्या फुकटच्या फोनवर फोन लावला. बऱ्याच रिंगा गेल्यावर बादलची आई, रामीबाई, बोलली. आधी त्यांचं आपल्या गोरबोलीत चाललं, मग उज्ज्वलानं फोन माझ्याकडे दिला.

"रामीबाई, हिरवं बटण कोण दाबते?"

"मीच दाबतो, बाई." म्हातारी लाजल्यासारखी बोलली. "हे दोघं वावरात गेले का दाबतो. पह्यल्यांदा बादलनं दाबलं तवा ते बाई म्हणे, शाब्बास बादल. एवढ्या वर्षांत माह्या पोराले कोणी शाब्बास म्हटलं नाही वं. मंग मी रोज दाबतो. आता तं तो घरी बी नाही. तेवढंच त्याचं नाव कानावर पडते."

मी फोनचा आवाज मोठा करून तो बादलच्या कानाशी धरला.

"माह्यं काही चुकलं काय, बाई?" पलीकडून ती विचारत होती. "दाबू नको काय?"

मी वर्षानुवर्षं ओरडत आलेय, फेकून द्या, विहिरीत टाका. तेच सांगायला तोंड उघडलं होतं. बादलनं हात हलवून मला गप्प केलं.

"याडी," त्यानं गोरबोलीत आईला हाक मारली, आणि इतक्या वेळात पहिल्यांदा त्याचा आवाज चढला. "दाब. रोज दाब. सकाऊन दाब, संध्याकाळी दाब. शेजारच्या रुपीबाईले दे, नायकाले दे, साऱ्या तांड्याले दाबाले सांग. पाहू दे त्याइले, बादल किती फवारते ते!"

मग तो मंदारकडे, म्हणजे मंदार असेल असं वाटलं तिकडे, वळला. "साहेब, अंगठा नाही भेटत. मी तीन डाव मारला फवारा. तुमच्याच औषधाचा. हे लिहून घ्या, अन तुमी सही करा."

मंदारनं सही केली नाही. पण कागद घडी करून परत नेला, आणि जाताना माझ्याकडे पाहिलं नाही.

तांड्यानं आठ-पंधरा दिवस इमानेइतबारे बटण दाबलं. बादलनं रात्री-बेरात्री, भर पावसात, एकाच वेळी सगळ्या तांड्याच्या वावरांत फवारणी केली. शेवटी कंपनीचा माणूस येऊन फोन परत घेऊन गेला. डेटा खराब झाला म्हणे. माझ्या सगळ्या भाषणांनी जे झालं नाही ते त्या बटणानं झालं, आणि मला त्याचा खूप आनंद झाला, खोटं कशाला बोलू.

दिवाळीनंतर मी तांड्यावर गेले. बादलच्या एका डोळ्याला आता बरं दिसतं, दुसऱ्याला धुकं आहे, ते जाईल की नाही कोणी सांगत नाही. सेवालाल महाराजांच्या फोटोशेजारची फोनची जागा रिकामी होती. मी रामीबाईला विचारलं, "फोन गेला, वाईट वाटते काय?"

"कायले वं?" ती म्हणाली. "आता पोट्टा घरी हाय. माह्याच तोंडानं म्हणतो ना."

बाहेर बादल हापशीवरून भरलेली घागर घेऊन येत होता, एका डोळ्यानं वाट शोधत, हळूहळू. उंबऱ्याशी आला तरी त्यातलं पाणी सांडलं नव्हतं. म्हातारी दारात उभी राहिली आणि साऱ्या तांड्याला ऐकू जाईल असं ओरडली, "शाब्बास, बादल!"

"हळू वं याडी," तो म्हणाला, आणि घागर खाली ठेवली.