शुभेच्छुक रघुवीर परब

काळाचौकीच्या नाक्यावर हेमचंद्र खवळे यांच्या वाढदिवसाचा बॅनर लागला आणि खाली शुभेच्छुकांच्या रांगेत मी. हात जोडून! मी म्हणजे रघुवीर परब, तीस वर्षं वर्तमानपत्रात व्यंगचित्रं काढून लोकांच्या शिव्या खाल्लेला माणूस. आवडीने खाल्ल्या. पण 'शुभेच्छुक' ही शिवी आजवर मला कुणी दिली नव्हती.

खवळेदादा आमचे माजी आणि भावी नगरसेवक. सध्या काय आहेत ते त्यांनाही ठाऊक नसावं. चाळीसमोरच्या मैदानाला त्यांनी सुशोभीकरणाच्या नावाखाली कुलूप घातलं, त्याला दोन वर्षं झाली. आत काय सुशोभित झालं ते फक्त उंदरांना माहीत. म्हणून उद्याच्या अंकासाठी मी चित्र दिलं होतं: मैदान बंद, आणि चाळीतली पोरं दादांच्या पोटावर क्रिकेट खेळतायत. नुसतं पोट काढायलाच अर्धा कागद गेला होता.

दुपारी आमच्या संपादक सुचित्राबाईंचा फोन आला. बॅनरचा फोटो त्यांच्या मोबाइलवर पोचला होता.

"रघुवीर, हे काय? नाक्यावर तुम्ही त्यांना शुभेच्छा देणार आणि उद्या आम्ही तुमचं चित्र छापणार? लोक म्हणतील, सगळं ठरवून चाललंय."

"मला विचारलंसुद्धा नाही हो कुणी!"

"वाचकांना ते कसं कळणार? पान लागायच्या आत काहीतरी करा. नाहीतर चित्र थांबवते."

बॅनर चाळीच्या गणपती मंडळाने लावलेला, म्हणून मी तडक मंडळाच्या ऑफिसात गेलो. मंडळाचा अध्यक्ष जगदीश, माझा लंगोटीयार, केकच्या खोक्याशी झटापट करत होता.

"जग्या, कोणाला विचारून टाकलास माझा फोटो?"

"अरे, कौतुकानं टाकला! वाडीत नामांकित असा तूच एक, बाकी सगळे टपोरी. तुझ्या सत्काराचा होता ना, शालवाला, तोच लावला. काय मस्त आलायस!"

"उतरव तो बॅनर."

"येडा झालास? दादा येतायत केक कापायला. बॅनर दिसला नाही तर गणपतीत मंडपाचे वांधे करतील. एका फोटोचं काय घेऊन बसलायस यार!"

आपल्याकडे प्रेम हे असं असतं. फोटो सापडला की चिकटवायचा, विचारायचं कशाला? जग्याच्या मनात काळंबेरं नव्हतं, म्हणून तर जास्त चीड आली. माझ्याकडे ना बंगला ना गाडी. 'हा कुणाचाच नाही' एवढीच काय ती कमाई, आणि ती या गाढवाने कौतुकाने फ्लेक्सवर उधळली होती. रागाने रडू यायचं बाकी होतं.

नाक्यावर जाऊन बॅनरखाली उभा राहिलो. वर मधोमध दादा, डोक्यापासून पायापर्यंत, पोटासकट. खाली चौकोनात मी. माझे ते जोडलेले हात बघता बघता चित्रकाराची खोड जागी झाली. समोर कट्ट्यावर जग्याची आई, राधाबाई, बसली होती. तिच्याकडून स्टूल मागून घेतलं आणि खिशातला काळा मार्कर काढला.

चार रेघांत जोडलेल्या हातांची मूठ केली. मुठीत बॅट दिली, फटका मारून खांद्यापर्यंत गेलेली. बुबुळं वर वळवली, थेट दादांच्या पोटाकडे. दादांना एक ठिपकासुद्धा लावला नाही. माझा चौकोन, माझं थोबाड. बॉल तेवढा काढला नाही.

फोटो सुचित्राबाईंना पाठवला. लगेच उत्तर आलं: 'उद्या पहिल्या पानावर हाच. पोटाचं चित्र परवा.'

तेवढ्यात फटाके वाजले आणि दादा आले. जग्याने बॅनर पाहिला आणि त्याचा चेहरा पांढराफटक पडला. दादांनीही पाहिला. पण निवडणूक तोंडावर, त्यामुळे हसले.

"वा परबसाहेब! जोरात मारलाय. पण बॉल कुठाय?"

जग्या केककडे बघत राहिला. राधाबाई मात्र कट्ट्यावरून दादांच्या पोटाकडे बोट करून मालवणीत म्हणाली, "तो तुझ्या पोटात गेलो रे बाबा. मैदानासकट."

सगळ्यांत आधी हसला तो जग्या.