बरं हाय म्हणणाऱ्या बाया

सुनंदाने झोप मागितलीच नव्हती. तिने पाळी मागितली होती. एवढी साधी गोष्ट कंपनीच्या शिकलेल्या लोकांना कळू नये, म्हणजे कमालच झाली!

खालापुरातला तो औषधांचा कारखाना. गोळ्यांची पाकिटं सील करायच्या लाइनवर एक्केचाळीस बाया, आणि दर सोमवारी पाळी बदलायची. या आठवड्यात सकाळ, पुढच्यात दुपार, मग रात्र, की परत सकाळ. शरीर बिचारं एका पाळीला रुळतंय न रुळतंय, तोच त्याला उचलून दुसरीकडे टाकायचं. दिवाळीनंतर एकदा सुनंदाला उभ्या उभ्या डुलकी लागली आणि सीलिंगच्या गरम पट्टीखाली तिची दोन बोटं जाता जाता राहिली. शेजारच्या भागीकाकूने हात ओढला म्हणून वाचली. त्याच आठवड्यात सगळ्यांनी मिळून अर्ज दिला, पाळी आठवड्याला नको, तीन महिन्यांनी बदला.

"बघू," एचआरचे देवेश साहेब म्हणाले.

आणि बघितलं काय, तर सगळ्यांच्या मोबाईलमध्ये झोपेचं अ‍ॅप टाकून दिलं. आठ आठवडे वापरा, मग पुण्याहून तज्ज्ञ मॅडम येऊन तपासतील, आणि गुण आला तर अर्जाची गरजच उरणार नाही. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी!

अ‍ॅपमध्ये एक गोड आवाजाची बाई होती. ती म्हणायची, "रोज रात्री ठीक अकरा वाजता अंथरुणावर जा." रात्रपाळीच्या आठवड्यात अकराला सुनंदा टोपी-मास्क चढवून लाइनवर हजर असायची. "मशीनवर अंथरूण घालू काय गं बये?" भागीकाकू कंपनीच्या बसमध्ये मोबाईललाच विचारायची. "झोप येत नसेल तर उठून दुसऱ्या खोलीत बसा," असं ती बाई म्हणाली, त्या दिवशी तर कर्जत येईपर्यंत बस हसत होती. सुनंदाच्या पोशीरच्या घरात दुसरी खोली होती, पण तीत सासू-सासरे झोपायचे.

रोज उठल्यावर अ‍ॅप विचारायचं, झोप कशी झाली? खाली पाच तोंडं, रडक्यापासून हसऱ्यापर्यंत. आणि नेमका इथेच घोटाळा झाला. आपल्याकडे कुणी विचारलं, "बरं हाय ना?" तर माणूस काय म्हणतो? "बरं हाय." परक्यापुढे रडगाणं गायची रीत नाही. भागीकाकूचा नवरा गेला, त्याला ओटीवर निजवलं होतं, माणसं जमत होती, तेव्हा लांबच्या कुणा पाहुण्याने काही ठाऊक नसताना फोन केला आणि सवयीने विचारलं, तर हिच्या तोंडून निघालं, "बरं हाय." फोन ठेवला आणि मग रडली. असल्या बाया मोबाईलमधल्या अनोळखी बाईला काय डोंबल सांगणार? सगळ्या हसरं तोंड दाबायच्या. सुनंदासुद्धा. डोळे चुरचुरतायत, डोकं ठणकतंय, आणि अंगठा हसऱ्यावर.

नवव्या आठवड्यात, जेवणाच्या सुट्टीनंतर कॅन्टीनमध्ये सभा भरली. भिंतीवर रंगीत तक्ता. शेजारी पुण्याच्या रिया मॅडम, वयाने लहानशीच, हातात वही.

"त्र्याण्णव टक्के कर्मचाऱ्यांची झोप उत्तम!" देवेश साहेब म्हणाले. उरलेल्या तिघींचे मोबाईल नवऱ्यांकडे असायचे, एवढंच. "म्हणजे पाळीचा प्रश्न निकाली निघाला. अभिनंदन!"

साहेबांनी टाळ्या वाजवल्या, म्हणून बायांनीही वाजवल्या. सुनंदाचे हात मात्र अर्ध्यावर थांबले. तिला ती गरम पट्टी दिसली. असा राग आला म्हणता! आधी साहेबांचा, आणि त्याहून जास्त स्वतःचा. आपला अर्ज आपल्याच अंगठ्याने फाडला की गं आपण!

ती उठून उभी राहिली. "साहेब, ते खोटं हाय."

"काय खोटं?"

"माझं हसरं तोंड. छप्पन दिवसांत एकदाबी खरं दाबलं नाय मी."

साहेबांचा चेहरा उतरला. "सुनंदाताई, माहिती तुम्हीच भरलीत. खोटी माहिती दिली तर कारवाई होते, ठाऊक आहे ना?"

"करा की! खोटं बोलले मी, कारवाई माझ्यावर करा. पण उद्या माझी बोटं गेली, तर ते हसरं तोंड दाबायला तरी काय उरंल, ते सांगा."

"पण ताई, मग तसं भरलंत कशाला?" रिया मॅडमने विचारलं. त्यांच्या आवाजात राग नव्हता, त्यांना खरंच कळत नव्हतं.

"मॅडम, तुमची ती बाई ना ओळखीची ना पाळखीची. कुणी विचारलं तर बरं हाय म्हणायचं, ही आमची रीत. रीत पाळली, तिथं चुकलं. आता ऐका. माझा सासरा, आबाजी, भात तयार झालं की रानडुकरांपासून राखण करतो. चाळीस वर्षं झाली. पहाटेची राखण त्याची, दरसाल पहाटेचीच. गावात कुणाची पाळी कुणी बदलत नाय. बदलली की राखणदार माळ्यावर घोरतो आन् डुकरं भात खाऊन जातात. आमच्याकडच्या डुकरांना कळतं, साहेब, ते तुमाला कळंना?"

मागे कुणीतरी फिसकन हसलं. रिया मॅडमचं पेन वहीवर चालू झालं होतं.

"पुरे!" साहेब तडकले. "एकीच्या तक्रारीने अहवाल बदलत नसतो. बाकी सगळ्या खूश आहेत." आणि त्यांनी पहिल्याच बाकावर बसलेल्या भागीकाकूकडे पाहिलं. साहेब हुशार. सगळ्यांत जुनी, निवृत्तीला दोन वर्षं उरलेली, जन्मात कधी तक्रार न केलेली बाई त्यांनी बरोबर निवडली. "काय भागीकाकू? बरं आहे ना?"

भागीकाकू काय म्हणणार हे सुनंदाला ठाऊक होतं, सगळ्या कॅन्टीनला ठाऊक होतं. संपलं सगळं.

भागीकाकू उठली. तिने डोक्यावरची टोपी काढून बाकावर ठेवली. एकदा सुनंदाच्या हाताकडे बघितलं.

"बरं नाय," ती म्हणाली. "नवरा गेला तवासुद्धा म्हटलं नवतं मी. आज म्हणते. बरं नाय, साहेब."

मागच्या बाकावरची दुसरी उठली. "मलाबी बरं नाय." मग तिसरी, मग एकदम चार-पाच, आणि मग कोण बोलतंय ते कळेना.

रिया मॅडमने भिंतीवरचा तक्ता बंद केला आणि वहीचं नवं पान उघडलं. "हळूहळू सांगा," त्या म्हणाल्या, "मला सगळ्यांचं लिहायचंय."