मिठाला गेलेला माणूस

माझ्या भावाने आयुष्यात एकच खेळ बनवला आणि त्यात काहीही होत नाही. शिरपूरला कॉलेजच्या शेवटच्या वर्षी बाकीच्या पोरांनी रोबोट केले, हजेरीची मशीनं केली. आमच्या दीपकने कॉम्प्युटरवर भरीत भाजलं. स्क्रीनवर शेत, हिवाळ्यातली उतरती उन्हं, कपाशीच्या काड्यांचा जाळ आणि त्यात वांगी. माऊस दाबला की वांगं उलटतं. परत दाबला की परत उलटतं. जाळाभोवती तीन माणसं बसलेली. मी दहा मिनिटं वांगी उलटली आणि विचारलं, "पुढं काय?"

"पुढं काही नाही, अक्का. बसायचं."

"मग जिंकतं कोण?"

"कोणीच नाही."

परीक्षेला बाहेरून आलेल्या सरांनीही हेच विचारलं म्हणे, आणि पास करण्यापुरते मार्क दिले. मी त्यांच्या जागी असते तर तेवढेही दिले नसते.

त्याला आता बारा वर्षं झाली. दीपकचं जळगावात सीसीटीव्ही बसवायचं दुकान आहे. काही होतंय का ते बघत बसायचं, आणि बहुतेक वेळा काही होत नाही. म्हणून तो धंदा त्याला जमला. लग्न मात्र जमत नव्हतं. मी इथे धुळ्यात बसून फोन करकरून माझं तोंड दुखलं. नोकरी सरकारी आहे का, शेती किती, मुलगा बोलतो का? तिसऱ्या प्रश्नाला मी लाईन खराब असल्याचं सांगायचे.

आणि अशात पहूरची दीपमाला हो म्हणाली! लॅबमध्ये रक्त तपासते, शांत आहे, हसली की बरं वाटतं. दीपकही हो म्हणाला, तेही एकदा विचारल्यावर. मी पेढ्यांपर्यंत पोचले होते, तेवढ्यात तिचे वडील तोतारामभाऊ म्हणाले, "बोलणी करायला घरातलं मोठं माणूस येऊ द्या."

"मी आहे ना मोठी," मी म्हटलं.

"तुम्ही आहातच ताई. पण सख्खे काका हयात असून पुतण्याच्या बोलणीला येत नसतील, तर आम्ही काय समजावं? रविवारपर्यंत बघा. आम्हाला दुसरीकडेही हो-नाही कळवायचं आहे."

आली का पंचाईत! आमचे काका म्हणजे झुलालनाना, आमच्या वडिलांचे, आबांचे थोरले भाऊ. शिरपूरजवळ गावी राहतात आणि आमच्या घरचं पाणीही पीत नाहीत. कारण काय, तर मीठ.

झालं असं. दीपकच्या कॉलेजच्या त्याच शेवटच्या वर्षी शेतात भरिताची पार्टी होती. आबा, नाना, शेजारचे धनसिंगकाका आणि हॉस्टेलवरून आलेला दीपक. वांगी भाजली, सोलली, लाकडी बडगीत मिरची-लसणासोबत ठेचली, आणि मग कळलं की मीठ घरीच राहिलं. नाना उठले, मी आणतो म्हणाले. गावातलं दुकान बंद होतं, म्हणून ते पुढच्या गावाला गेले. इकडे भरीत गार होत होतं. धनसिंगकाका म्हणाले, खाऊन घेऊ, आणि आबा हो म्हणाले. आमच्याकडे भरिताला सगळे एकदम बसतात, ही साधी रीत. यांनी मीठ नसलेलं भरीत खाल्लं, पण माणसाची वाट पाहिली नाही. नाना पुडी घेऊन आले तेव्हा त्यांचा वाटा केळीच्या पानाखाली झाकून ठेवलेला होता. त्यांनी पुडी बांधावर ठेवली आणि ते घरी गेले. पान उचलूनही बघितलं नाही.

तुम्ही म्हणाल, एवढ्याशा गोष्टीवरून? मीही तेच म्हणायचे. पण आबा गेले तेव्हा नाना आले, खांदा दिला, आणि जेवायच्या वेळी मागच्या मागे निघून गेले. त्या दिवशी मला त्यांचा इतका राग आला की मी त्यांचं नाव टाकलं.

गुरुवारी दीपमालाचा फोन आला.

"ताई, एक विचारू? यांनी मला त्यांचा खेळ दाखवला."

मी कपाळाला हात लावला. पोरगी आधीच अर्धी हातातून गेलेली, आणि हा तिला वांगी दाखवतोय!

"छान आहे," ती म्हणाली. "पण ते तिघं कोणासाठी थांबलेत? यांना विचारलं तर नुसतं 'येतील' म्हणाले."

मला काय माहीत? मी दहाच मिनिटं खेळले होते. तशीच एसटी धरून जळगावला गेले. दीपक कुठल्याशा दुकानाच्या छतावर वायरी ओढत होता. मी त्याच्या दुकानातल्या लॅपटॉपवर ती वांगी उघडली आणि या खेपेला बसून राहिले. जाळाभोवती माणसं तीन, पण केळीची पानं चार मांडलेली. मी वांगी उलटत राहिले. बऱ्याच वेळाने त्यातला टोपीवाला बोलला. आवाज दीपकचाच, पण आबांसारखा घोगरा काढलेला.

"मोठाले येवू दे. मंग बसूत."

मोठ्याला येऊ दे, मग बसू. 'मोठा' म्हणजे नाना. आबांशिवाय कोणी त्यांना तशी हाक मारत नव्हतं. पुन्हा बऱ्याच वेळाने तेच वाक्य. जाळ कमी झाला की काड्या घालायच्या, वांगं जळायला लागलं की उलटायचं, पण जेवायचं मात्र नाही. दीपक आला तेव्हा मी रडत होते.

"अक्का, हँग झाला का?" त्याने विचारलं.

"मेल्या, हे तू नानांना का नाही दाखवलं?"

"ते आपल्याकडे येत नाहीत ना."

कॉलर धरून न्यायचा बाकी होता, तोही शनिवारी सकाळी नानांकडे गावी नेला.

नाना ओसरीवर बसले होते. माझ्याकडे न बघताच त्यांनी कशाला आलीस ते विचारलं, "कसाले उनी?"

"नाना, पहूरले चला. दीपकनं लगीन शे."

"लगीन त्यानं शे. मन्हं काय काम?"

मी वाद घातला नाही, हे मुद्दाम सांगते, कारण कोणी विश्वास ठेवणार नाही. लॅपटॉप त्यांच्यासमोर खाटेवर ठेवला. "एवढं बघा, मग जातो आम्ही."

"हाई काय शे?"

"वांगी आहेत नाना," दीपक म्हणाला. "उलटायची."

बोट कुठे दाबायचं ते दीपकने दाखवलं. नानांनी एक वांगं उलटलं, मग दुसरं. तिसऱ्याला म्हणाले, "जाळ मोठा शे. अशानं मझार कच्चं ऱ्हाई." आतून कच्चं राहील हे दीपकलाही पटलं, त्याने मान हलवली. भिकूकाकूने चहा आणला, तो तसाच राहिला. मग टोपीवाला बोलला.

"मोठाले येवू दे. मंग बसूत."

नानांचं बोट थांबलं. त्यांनी पानं मोजली, माणसं बघितली. तेच वाक्य पुन्हा आलं, पुन्हा आलं. उलटायला कोणी नव्हतं, म्हणून वांगी काळी पडत चालली.

"मंग मी कव्हय येस?" नानांनी विचारलं.

"येत नाही तुम्ही," दीपक म्हणाला. "तुमची चालायची ढब मला काढता आली नाही. खूप करून पाहिली."

"मंग ह्या तव्हयपासून उपाशी शेतस?"

"हो."

नाना स्क्रीनवर वाकले आणि एकदम ओरडले. "खाई ले ना रे मोत्या! वांगा बळी ग्यात! मन्ही वाट नको देखू!"

मोत्या म्हणजे आमचे आबा, मोतीलाल. वांगी जळाली, माझी वाट बघू नको, असं नाना त्यांना सांगत होते. काकू दारात पदर तोंडाला लावून उभी राहिली.

"मोठाले येवू दे," टोपीवाला म्हणाला. "मंग बसूत."

नानांनी रुमालाने डोळे पुसले, मग त्याच रुमालाने स्क्रीनही पुसली. म्हणाले, "पहिले यास्ले जेवाले घाल. मंग पहूरनं बोलूत."

"आत्ता?" दीपकने विचारलं.

"आते."

दीपक ओसरीवर मांडी घालून बसला. त्याला दुपार पुरली. नाना शेजारून हलले नाहीत. मधून सांगत होते, मोत्या डाव्या हाताशी पाणी ठेवायचा, धनसिंग घाईने खायचा. काकूने भाकरी वाढली, मीही इतक्या वर्षांनी पहिल्यांदाच त्या घरी जेवले. शेवटी दीपकने बटण दाबलं. टोपीवाल्याने वाकून पहिला घास घेतला. मग बाकीच्यांनी घेतला.

चौथ्या पानावर भरीत वाढलेलं होतं.

"त्याचं काय करू, नाना?" दीपकने विचारलं.

नानांनी चौथ्या पानावर बोट ठेवलं. मग म्हणाले, "वरतून पान झाक. मी उनू का खाई लिसू."

नाना आल्यावर खाणार, म्हणून दीपकने पान झाकलं. नाना उठले, खुंटीवरची टोपी काढून झटकली आणि मला विचारलं, "पहूरले सकाय कितला वाजता निंघनं शे?"