गोधडीखालची इस्त्री

अनंताला चुरगळलेली पँट मुळीच चालत नसे. अंबरनाथच्या एका कारखान्यात तो फाटकावर वॉचमन होता, पण तोरा मालकालाही नसेल असा. त्याच्या पँटीची घडी बघून लोक त्याला शाबासकी द्यायचे आणि तोही ती खुशाल घ्यायचा. घडी बसवायची सरस्वतीनं, त्याच्या बायकोनं. पहाटे नळ यायचा, तेवढ्यात धुणं उरकून ती औषधांच्या बाटल्या भरायच्या कामावर पळायची. संध्याकाळी परत येईस्तोवर हात खांद्यापासून गळून गेलेले. त्यावर कोळशाची इस्त्री पेटवायची म्हणजे अगदी जिवावर यायचं.

युक्ती सुचली ती सासूमुळे. मोतीबाईंच्या अंगावरून वारं गेलं, तेव्हापासून त्या लाकडी पलंगाला खिळल्या होत्या. उभा जन्म भातशेतीत आणि मिठागरात राबलेली बाई, आता एक हात तेवढा हलायचा. एके दिवशी सरस्वतीनं पँट दमट असतानाच दोरीवरून काढली, झटकली, शिवणीला शिवण जुळवली आणि सासूच्या अंगाखालच्या दोन गोधड्यांच्या मधे सारली. सकाळी पँट अशी कडक घडीची निघाली की शेजारची पुतळाबाई विचारत आली, "कुठल्या लॉन्ड्रीत टाकतेस गं?"

"माजी लॉन्ड्री हाय," मोतीबाई पलंगावरून म्हणाल्या आणि चक्क हसल्या. दुखण्यात पडल्यापासून त्या हसल्याच नव्हत्या.

मग तो नेमच झाला. पँट, शर्ट, सरस्वतीच्या साड्यासुद्धा. कपडे आणायला जरा उशीर झाला तर मोतीबाईच हाका मारायच्या, "आन गो, ठेव माजे खाली."

डॉक्टरांनी बजावलं होतं, म्हातारीची कूस सारखी बदलत राहा. पण सरस्वती वळवायला गेली की त्या म्हणायच्या, "नको गो. हालले का चुन्या होतान. मना काय व्हत नाय." खरं सांगायचं तर सरस्वतीला बरंच वाटायचं. ते जड अंग उचलून कुशीवर करायचं म्हणजे कंबर मोडायची. राहू दे म्हणतात तर राहू दे, असं म्हणून तीही पाठ टेकायची.

पावसाळ्यात कपडे वाळेनात. ओलेच गोधडीखाली जाऊ लागले. एका सकाळी अनंता पँट चढवून ओरडला, "हे काय लागलंय? वास बघ याचा!" पोटरीपाशी पिवळट डाग होता. तेल सांडलं असेल, असं सरस्वती म्हणाली खरी, पण तिच्या मनात पाल चुकचुकली.

दोघांनी मिळून मोतीबाईंना कुशीवर केलं. कमरेखाली तळहाताएवढी जखम होती, कडा काळ्या पडलेल्या. तिच्या वरच्या बाजूला, चांगल्या कातडीवर, पँटीच्या घडीची सरळ रेघ उमटली होती. अनंतानं तोंड फिरवलं आणि तशाच डागाच्या पँटीत तो डॉक्टरांना आणायला धावला.

"दुखत नव्हतं का हो, आई? बोलला का नाहीत?"

"दुखत व्हता ना. पन तू किती दमतंस गो. तेवराच माजा हात लागतंय."

सरस्वतीला रडू फुटलं. सासूनं लपवलं याचा राग यावा, तर तेवढाही हक्क तिला आपल्याकडे दिसेना. आपण इतक्या दिवसांत पुन्हा म्हणून का विचारलं नाही, हे तिला ठाऊक होतं. तिनं पाणी कोमट केलं, जखम पुसली, गोधड्यांमधला एकूण एक कपडा बाहेर ओढून कोपऱ्यात फेकला.

"आता इथं काही ठेवायचं नाही, आई. उल्हासनगरला विजेची इस्त्री स्वस्तात मिळते, तीच आणते."

मोतीबाईंनी भिंतीकडे तोंड वळवलं. सरस्वतीला वाटलं, डोळा लागला.

"मंग मी आता," त्यांनी हळूच विचारलं, "नुस्ती झोपूनच ऱ्हाव का गो?"