सहा मुठी मीठ

"तरंगलं! तरंगलं!"

समुद्रातल्या किल्ल्याच्या धक्क्यावर आमच्या आष्टीची चाळीस माणसं एकदम ओरडली. आम्हाला गाडी करून यात्रेला आणणाऱ्या मच्छिंद्रबुवाच्या पातेल्यात चांगुणामावशीचं अंडं बुचासारखं वर आलं होतं.

"हे समुद्रातल्या आईचं पाणी," बुवा म्हणाला. "अंड्याचं जडपण आईनं घेतलं, पोरीचा रोगबी घेतला. आता सुई टोचली तर आईचा अपमान."

सोबत आलेली मावशीची मुलगी कौसल्या सतरा वर्षांची. तिला क्षय होता. नव्वदपैकी साठ सुया झाल्या होत्या, ताप उतरला होता. उरलेल्या तीस सुया होणं, एवढीच तिच्या जगण्याची अट होती.

समुद्र आम्ही कुणीच पाहिलेला नव्हता. होडीतून बेटावर आलो, सरकारने नव्या चुन्याने सांधलेला तट पाहिला, आत विहिरीचं गोड पाणी प्यालो; बुवा म्हणाला, हाही आईचाच चमत्कार. पावसाचं पाणी खडकात मुरून साठतं, हे मी सांगत होतो. ऐकायला कोण होतं?

"मावशी, ताजं अंडं तरंगत नसतं," मी म्हणालो.

"मला शिकवतो का रे? खुडूक कोंबडी उबवायला बसवताना अंडी पाण्यात टाकूनच बघते मी. नासकं तरंगतं. हे निघताना घरी टाकलं, बराबर बुडालं. म्हणून तर चमत्कार!"

मी पातेल्यात बोट बुडवून चाखलं. जिभेला झोंबलं.

"फार खारट आहे."

"समुद्राचं पाणी खारट न्हाई तर काय गुळचट असल?" आमच्यातला सर्जेराव म्हणाला. लोक हसले.

मी धक्क्यावरून बादलीभर समुद्राचं पाणी काढलं आणि तेच अंडं त्यात सोडलं. ते तळाला गेलं. हसणं थांबलं.

"हा खरा समुद्र. बुवाच्या पातेल्यात वरून मीठ टाकलंय. मीठ विरघळलं की पाणी जड होतं आणि अंडं वर येतं. बघा."

आमच्या शिध्यातलं मीठ मी मुठीमुठीने टाकलं, ढवळलं. सहाव्या मुठीला अंडं हललं आणि सावकाश वर आलं.

मग बुवाने हात जोडले.

"बघा लोकहो! न मानणाऱ्याच्या हातूनबी आईनं तारलं!"

"तरंगलं!" पुन्हा तोच गलका. गिरिजाबाईने माझ्या बादलीला हळदकुंकू वाहिलं. मी ओरडत राहिलो, "मीठ! मीठ टाकलंय मी!" सर्जेराव म्हणाला, "आता गप ना बाबा, दर्शन घेऊ दे."

मावशीच्या डोळ्यांत पाणी होतं. "दोन डाव तरंगलं. मंग सुई कशाला?"

परतताना होडीत कौसल्या हळूच म्हणाली, "दादा, मीठ टाकायलाच नको व्हतंस. तिला जरा शंका आल्ती."

गावी आल्यावर मावशीने सुया बंद केल्या; मी रोज भांडलो. मावशीने दाराला कडी लावली. पौषात कौसल्येला पुन्हा ताप आला, रक्त पडलं. दवाखान्यात नेलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, अर्धवट सोडल्यामुळे जंतू आता त्या औषधाला जुमानत नाहीत. माघात ती गेली.

बुवाची गाडी यंदाही निघते आहे. नावं नोंदवणं चालू आहे, आणि मावशीचं नाव पहिलं आहे. मी कुणाला अडवू शकलेलो नाही. तरी लिहितो: ताप उतरला म्हणजे रोग गेला असं नाही. तुमच्या घरात कुणाचं औषध चालू असेल, तर ते कधी थांबवायचं हे डॉक्टरला विचारा. दुसऱ्या कुणालाही नको.